चुकण्याची सोय

‘एलिमिनेटर’ हा शब्द आजच्या शाळकरी मुलांना सांगितला, तर त्यांना तो एखाद्या मारधाडीच्या सिनेमातला वाटेल. पण सातारा-सांगलीकडच्या घरांतून एक काळ असा होता, की हा शब्द आजीलाही ठाऊक असे. ट्रान्झिस्टर किंवा टेपरेकॉर्डर घरात आला, की पहिल्या महिन्यात त्याचे कौतुक आणि दुसऱ्या महिन्यात सेलच्या खर्चाचा हिशेब. चार नाहीतर सहा मोठे सेल लागत. ते उतरत आले, की निवेदकाचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटे. मग सेल काढून उन्हात ठेवायचे, पुन्हा घालायचे आणि आणखी दोन दिवस ढकलायचे. सांगलीला १९६३ साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. १२५१ किलोहर्ट्झवर काटा आणला, की शेतीची माहिती, बाजारभाव, नाट्यसंगीत, भजन असे सगळे आपल्याच भाषेत आणि आपल्याच बोलीच्या वळणाने ऐकू येऊ लागले. ऐकण्याची गोडी वाढली, तसा सेलचा खर्चही वाढला.

यावर तोड निघाली ती बॅटरी एलिमिनेटरची. घरातल्या विजेवरून सहा किंवा नऊ व्होल्ट काढून देणारी एक पेटी. आजच्या भाषेत ॲडॉप्टर. ती दुकानात तयार मिळे, पण घरी करणे स्वस्त पडे. शिवाय आठवी-नववीतल्या मुलाला ‘मी करतो’ असे म्हणायची ती एक संधी असे. एक ट्रान्सफॉर्मर, दोन किंवा चार डायोड, एक मोठा कपॅसिटर, एक लाल दिवा, वायर, पिन, संपले. हे सामान गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळे, नाहीतर कोणी एसटीने पुण्याला निघालेले असले, की त्याच्याकडे चिठ्ठी देऊन बुधवार पेठेतून मागवायचे. पेटी म्हणून बिस्किटाचा पत्र्याचा डबा किंवा साबणाची प्लॅस्टिकची डबी.

मी बरीच वर्षे विज्ञान शिकवले. काही सुट्ट्यांत साताऱ्यात आणि पुढे सांगलीत मुलामुलींकडून एलिमिनेटर करून घेतले. त्या अनुभवावरून माझे एक मत झाले आहे, ते आज मांडायचे आहे. त्या पेटीने मुलांना विजेचे ज्ञान दिले, हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट तिने दिली. तिने मुलांना चुकायला जागा दिली. चूक लहान होती, स्वस्त होती, तिचे कारण सापडण्यासारखे होते आणि ती दुरुस्त झाल्याचे स्वतःच्या कानांनी ऐकता येत होते. ती पेटी काळाच्या ओघात गेली, याचे मला फारसे दुःख नाही. चुकण्याची ती सोय आपण घरातून आणि शाळेतून काढून टाकली, याची मात्र काळजी वाटते.

आठ व्होल्ट कुठून आले?

पेटीतल्या चुका कशा शिकवतात, ते जरा सविस्तर सांगतो; कारण सगळी गंमत तपशिलात आहे.

ट्रान्सफॉर्मरवर ‘सहा व्होल्ट’ असे लिहिलेले असते. मूल सगळी जोडणी नीट करते आणि मीटर लावते, तर काटा आठाजवळ. पहिली प्रतिक्रिया ठरलेली : मीटर बिघडला. दुसरा मीटर आणला, तरी आठच. मग ‘ट्रान्सफॉर्मरवाल्याने फसवले’. प्रत्यक्षात कोणीच फसवलेले नसते. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. सहा व्होल्ट हे त्या चढउताराचे परिणामकारक मूल्य. लाटेचे टोक त्याच्या १.४१ पट उंच, म्हणजे साडेआठ व्होल्टच्या जवळ जाते. कपॅसिटर भरतो तो या टोकापर्यंत. वाटेत डायोड आपला सुमारे ०.७ व्होल्टचा टोल घेतो. उरले पावणेआठ. भार नसताना लहान ट्रान्सफॉर्मर थोडे जास्तच देतो, ते वेगळे.

हे सगळे अकरावी-बारावीच्या पुस्तकात असते. ‘वर्गमूळ दोन’ हा आकडा मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरपुढे सोळा व्होल्टचा कपॅसिटर ‘बारापेक्षा जास्तच आहे की’ असे म्हणून लावला आणि रात्री विजेचा दाब चढल्यावर तो फुगून फट्कन फुटला, की वर्गमूळ दोन जन्मभर लक्षात राहते. पुढच्या वेळी ते मूल न सांगता पंचवीस व्होल्टचा कपॅसिटर मागते. दुकानदार विचारतो, ‘कशाला रे एवढा?’ आणि मूल त्याला समजावून सांगते. शिक्षण झाले, असे मी तेव्हा समजतो.

दुसरी चूक आवाजाची. रेडिओ सेलवर स्वच्छ वाजतो आणि एलिमिनेटरवर लावला, की मागे ‘घूंऽऽ’ असा गुंजारव सुरू होतो. याची कारणे दोन-तीन. कपॅसिटर लहान पडला, तर विजेच्या लाटेतले खाचखळगे भरून निघत नाहीत. किंवा दोन डायोडपैकी एकाचे सोल्डर नीट बसलेले नसते. वरून जोडलेले दिसते, आत धरलेले नसते. दुरुस्तीवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. दोन्ही डायोड काम करत असतील, तर गुंजारव सेकंदाला शंभर कंपनांचा असतो. एक बाद झाला, की पन्नासांचा. मिरजेचा एक मुलगा माझ्याकडे येई. त्याच्या घरात तंबोऱ्याच्या जवारीचे काम चाले. दोन एलिमिनेटर शेजारी ठेवून ऐकल्यावर तो म्हणाला, ‘सर, हा दुसरा त्याच सुराचा आहे, पण खालच्या सप्तकातला.’ शंभर आणि पन्नास म्हणजे बरोबर एक सप्तक. त्याने मीटर न लावता, केवळ कानाने, एक डायोड बंद असल्याचे ओळखले होते. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिचा असा उपयोग कोणत्या अभ्यासक्रमात लिहिला असता?

तिसरी चूक दिशेची. डायोड हा एकेरी रस्ता. त्याच्या अंगावरचा पट्टा उलट्या बाजूला गेला, की ट्रान्सफॉर्मरची दोन टोके एकमेकांत मिसळतात, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि व्हार्निश जळाल्याचा एक वास येतो. हा वास एकदा ज्याच्या नाकात बसला, तो माणूस पुढे कुठल्याही कारखान्यात गेला तरी यंत्राकडे बघण्याआधी हुंगतो. पण दिशेची खरी परीक्षा शेवटी, पिनेपाशी. काही टेपरेकॉर्डरना पिनेच्या मधोमध धन लागते, काहींना ऋण. यंत्राच्या पाठीवर त्याची बारीक खूण असते, ती बघितली नाही तर आतापर्यंतचे सगळे बरोबर असूनही वडिलांचा टेपरेकॉर्डर जातो. इथे विजेचा धडा संपतो आणि दुसराच सुरू होतो. ‘माझ्या हातून झाले’ हे घरात सांगायचे की नाही? ज्या घरात सांगता येत असे, तिथे टेपरेकॉर्डर लगेच दुरुस्तीला जाई आणि मुलाला कारण कळे. ज्या घरात सांगता येत नसे, तिथे तो गुपचूप कपाटात जाई आणि मूल पुन्हा सोल्डरिंगच्या गनला हात लावत नसे.

चौथी गोष्ट चूक म्हणावी की नाही, कोण जाणे. सांगली शहरात उत्तम चालणारा एलिमिनेटर मूल सुट्टीत आजोळी घेऊन जाई आणि तिथे तो रडे. कारण उसाच्या पट्ट्यात दिवसा सगळ्या विहिरींवर मोटारी चालू असल्या, की विजेचा दाब खाली बसे, आणि रात्री मोटारी बंद झाल्या की वर चढे. सहा व्होल्ट स्थिर देणारी ७८०६ ही चिप बसवली असेल, तर तिला आत निदान दोन व्होल्ट जास्त लागतात. दाब पडला की तेवढे मिळत नाहीत आणि गुंजारव परत येतो. जास्त व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, तर उरलेले व्होल्ट उष्णता होऊन चिप भाजते. मग तिच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी लावायची. पुस्तकातले ‘२३० व्होल्ट’ शहरातले आहेत, गावाकडचे नव्हेत, हे मुलांना आजोळच्या ओसरीवर कळले. रचना करायची ती चांगल्या दिवसासाठी नव्हे, वाईट दिवसासाठी, हे तत्त्व मोठमोठ्या अभियंत्यांना उमेदवारीत शिकावे लागते.

काळी, बंद डबी

आता घरोघरी मोबाइलचा चार्जर आहे. त्याच्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. तो हलका आहे, वीज कमी खातो आणि दाब शंभर असो की दोनशे चाळीस, मुकाट्याने पाच व्होल्ट देतो. आजोळच्या ओसरीवरचा प्रश्न त्याने सोडवला. पण तो ज्या रीतीने सोडवला, ती रीत मुलाला दिसण्यासारखी नाही. या डबीत आधी घरातल्या विजेचेच सरळ तीनशेहून अधिक व्होल्ट केले जातात, मग सेकंदाला हजारो वेळा त्यांची कापाकापी होते आणि नखाएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून पाच व्होल्ट बाहेर पडतात. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक असू शकतो. म्हणून ती डबी न उघडण्याजोगी चिकटवलेली असते आणि ते योग्यच आहे. केंद्र सरकारने आदेश काढून अशा ॲडॉप्टरना प्रमाण नोंदणी सक्तीची केली, तीही योग्यच. मुलांनी चार्जर फोडून बघावा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. एलिमिनेटर बिघडला, की ‘का?’ असे विचारले जाई. चार्जर बिघडला, की ‘नवा कितीला?’ असे विचारले जाते. ग्राहकांना दुरुस्तीची माहिती मिळावी, म्हणून २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ सुरू केले, ही चांगली गोष्ट झाली. पण दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळून भागत नाही. ‘हे कशामुळे झाले असेल?’ असे विचारायची खोड लहानपणी लागावी लागते. दुरुस्तीच्या दुकानांतही आता ‘बोर्ड बदला’ हेच उत्तर असते. बोर्ड बदलणारा आणि बिघाड शोधणारा या दोन वेगळ्या जाती आहेत आणि दुसरी जात आपल्याकडे झपाट्याने कमी होते आहे.

बक्षीस कोणाला?

ही खोड लागावी कुठे? उत्तर येते, शाळेत. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून मी गेलो होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण हे चित्र सगळीकडचे आहे. एका टेबलावर गुळगुळीत रंगवलेली प्रतिकृती होती. बटण दाबले की दिवे लागत, पंखा फिरे, चारही विद्यार्थिनी घडाघडा बोलत. ‘हा भाग काढला तर काय होईल?’ असे विचारल्यावर चौघी शिक्षकांकडे पाहू लागल्या. प्रतिकृती तयार विकत आणली होती. दुसऱ्या टेबलावर, कोपऱ्यात, साबणाच्या डबीतला एक एलिमिनेटर होता आणि तो नेमका त्या दिवशी चालत नव्हता. त्याच्या मालकाने मात्र एक वही ठेवली होती. तारीखवार लिहिले होते : डायोड उलटा, ट्रान्सफॉर्मर गरम. कपॅसिटर बदलला, आवाज कमी झाला. आज सकाळी एसटीत धक्के बसले, बहुतेक सोल्डर सुटले आहे, शोधतो आहे.

मी त्या वहीला पहिला क्रमांक द्यावा असे म्हटले. बाकीच्या परीक्षकांनी तक्ता दाखवला. त्यात ‘मांडणी’ला गुण होते, ‘सादरीकरणा’ला होते, ‘प्रतिकृती चालते का?’ याला सर्वांत जास्त होते. चुकीचे कारण शोधण्याला एकही गुण नव्हता. बक्षीस रंगवलेल्या प्रतिकृतीला गेले. त्या मुलाला आम्ही त्या दिवशी एक गोष्ट पक्की शिकवली : पुढच्या वर्षी विकत आण.

शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण शाळेच्या प्रयोगशाळेचे कुलूप कशामुळे उघडत नाही, हे ज्यांनी डेडस्टॉक रजिस्टर सांभाळले आहे त्यांना विचारा. एक मीटर जळाला, की त्याचे निर्लेखन होईपर्यंत वर्षे जातात आणि प्रत्येक तपासणीत तोच प्रश्न. ज्या व्यवस्थेत वस्तू जपल्याबद्दल कोणी रागावत नाही आणि वापरल्याबद्दल खुलासा द्यावा लागतो, तिथे शहाणा माणूस कपाटाला कुलूप लावणार. २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग लॅब’ निघाल्या, चांगली साधने आली. त्या प्रयोगशाळांचे यश मोजायचे तर तिथे किती प्रतिकृती झाल्या, हे मोजू नये. वर्षभरात किती सामान जळाले आणि त्याची किती कारणे सापडली, हे मोजावे.

पालकही यात मागे नाहीत. ‘सर, उगाच घोळ नको, तयार किट सांगा, आणून देतो,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यात प्रेम किती आणि घाई किती, हे आता मला आवाजावरून कळते.

माळरान आणि धरण

आपल्या या दोन जिल्ह्यांनी तरी असे म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, कडबा कापायची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्याची समजूत होती आणि माल बराच काळ पडून राहिला. वस्तू बरोबर असणे पुरेसे नाही, वापरणाऱ्याच्या मनातली शंकाही दूर व्हावी लागते, हा धडा त्या पडून राहिलेल्या नांगरांनी दिला. पुढे १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली, पुढे साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत ते होते. आणि १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी ‘कमवा आणि शिका’चा मार्ग घातला. हाताने काम करताना माणूस चुकतो आणि चुकताना शिकतो, हे या मातीला नवे नाही.

याहून मोठे, आणि वेदनेचे, उदाहरण कोयनेचे. आपल्या एलिमिनेटरमध्ये जी वीज येत होती, तिचे एक माहेर कोयना. १९६२ साली तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, भूकंपाचे भय नाही, असा तेव्हाच्या शास्त्राचा समज होता. धरणाच्या रचनेत भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या केवळ ०.०५ पट धरला होता. जलाशय भरू लागल्यावर लहान धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरण उभे राहिले. पण भिंतीची जाडी जिथे एकदम बदलते, त्या उंचीवर तडे गेले.

पुढे जे झाले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. धरणात बसवलेल्या यंत्राने त्या धक्क्याची नोंद केली होती. ती नोंद लपवली गेली नाही. ती जगभर गेली आणि धरण अभियांत्रिकीच्या अभ्यासात आजही वापरली जाते. तडे का गेले, तिथेच का गेले, याचा हिशेब मांडला गेला, भिंतीला मागून आधार देऊन ती भक्कम केली गेली, आणि १९७० साली देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशाच बदलला. समज चुकीचा होता हे मान्य करणे, नोंद ठेवणे, कारण शोधणे, पुढची रचना बदलणे : साबणाच्या डबीतल्या एलिमिनेटरचे आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाचे शास्त्र एकच आहे. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. म्हणूनच, लहान चुकांतून शिकायची सवय लवकर लागावी. मोठ्या चुका फार महाग असतात.

उलट आपले कौतुक कसे असते, ते बघा. २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे भाग जमवून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. सगळ्या देशाने जीप चालताना पाहिली. ती किती वेळा चालली नाही, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही. मला तेच ऐकायला आवडले असते.

वीज थट्टा करत नाही

इथे कोणीही समंजस आई म्हणेल, ‘तुमचे ठीक आहे, पण शॉक लागला म्हणजे?’ हा आक्षेप खरा आहे. दोनशे तीस व्होल्ट थट्टा करत नाहीत. चुका दोन प्रकारच्या असतात. एक, जी चुकणाऱ्याला शिकवते. दुसरी, जिच्यानंतर शिकायला कोणी उरत नाही. पहिलीला घराचे दार सताड उघडे हवे. दुसरीला कडीकुलूप हवे. दोन्हींना एकच दार लावले, की एकतर मुले दगावतात, नाहीतर मुले अडाणी राहतात.

ट्रान्सफॉर्मर ही या दोन प्रकारांमधली भिंत आहे. त्याच्या अलीकडे, म्हणजे पिन, फ्यूज आणि विजेकडची जोडणी, हे काम जाणत्या माणसाने करायचे, नीट झाकायचे आणि तिथे मुलाचा हात जाऊ द्यायचा नाही. भिंतीच्या पलीकडे सहा-बारा व्होल्टचे अंगण आहे. तिथे जळेल तो डायोड, फुगेल तो कपॅसिटर. चष्मा लावला आणि तोंड जरा लांब ठेवले, की झाले. ‘ट्रान्सफॉर्मर कशाला, नुसता कपॅसिटर लावून वीज कमी करा’ असे सांगणारी जोडणी स्वस्त असते, पण तिच्यात ही भिंतच नसते. कमी व्होल्ट दाखवणाऱ्या त्या तारेत घरातल्या विजेचा फेज उभा असतो. ती मुलांच्या हाती कदापि देऊ नये. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच नसेल, तर पुढच्या दिवाळीला रंगाआधी तो बसवून घ्यावा.

वायरमन मंडळींकडे यासाठी एक जुनी, साधी युक्ती आहे : सिरीज दिवा. एका फळीवर शंभर वॉटचा जुना पिवळा दिवा आणि त्याच्याच मार्गात एक सॉकेट. नवी केलेली किंवा संशयित वस्तू आधी त्या सॉकेटला लावायची. वस्तू ठीक असेल, तर दिवा मंद राहतो. आत कुठे शॉर्ट असेल, तर दिवा लख्ख पेटतो आणि अर्ध्या अँपिअरच्या पलीकडे वीज जाऊच देत नाही. फ्यूज उडत नाही, तार जळत नाही, आणि चूक मात्र डोळ्यांसमोर उजेडात येते. एलईडी दिव्याने हे होत नाही, म्हणून अनुभवी वायरमन जुना दिवा जपून ठेवतात. हा दिवा वस्तूला वाचवतो, माणसाला नाही. उघड्या तारेला हात लागला तर तोही काही करू शकत नाही, हे विसरायचे नाही.

मला वाटते, घर आणि शाळा ही मुलाच्या आयुष्यातली सिरीज दिव्याची फळी व्हायला हवी. काही घरांत फळीच नसते. मुलाच्या पहिल्याच चुकीला सगळ्या घराचा फ्यूज उडतो. काही घरांत वस्तू कधी लावूनच बघत नाहीत; पंचविसाव्या वर्षी ती एकदम मोठ्या विजेवर लागते आणि मग जे जळते, ते डायोडएवढे स्वस्त नसते. परीक्षेतल्या एका अपयशाने कोसळणारी मुले आपण पाहतो. त्यांच्यात बुद्धी कमी नसते. लहान चूक करून, ती शोधून, दुरुस्त करून ‘वाजला!’ म्हणण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नसतो.

वहीचे एक पान

करायचे काय? फार काही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो ‘करत करत शिका’ या एका सूत्रावर. त्यासाठी प्रत्येक गावात आश्रम काढायला नको. शाळेने वर्षाला थोडी रक्कम ‘जळणाऱ्या सामानासाठी’ म्हणून वेगळी काढावी आणि तिचा खुलासा मागू नये. विज्ञानाच्या जर्नलमध्ये एक पान सक्तीचे असावे : काय चुकले, का चुकले, कसे कळले. त्याला गुण असावेत, आणि ‘काही चुकले नाही’ असे लिहिणाऱ्याला त्या पानाचे गुण मिळू नयेत. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यात हाच एक रकाना वाढवावा.

घरी तर याहून सोपे. सुट्टीत मुलामुलींना एक लहान ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर आणि एक मीटर आणून द्यावा. विजेकडची बाजू मोठ्यांनी जोडून बंद करून द्यावी. नंतर शेजारी बसावे, पण हात पाठीमागे ठेवावेत. मूल डायोड उलटा लावत असल्याचे दिसेल. तोंडातून शब्द यायच्या बेतात असेल. तेवढा एक क्षण गप्प राहणे, हे पालकांचे सगळ्यात अवघड काम आहे. डायोड दोन-तीन रुपयांना मिळतो. त्या किमतीत मुलाला स्वतःची चूक स्वतः सापडली, तर एवढे स्वस्त शिक्षण आज दुसरे कुठे मिळत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.